आईच्या पेजेतील धिंगरीची पूड: दोन महिन्यांचा अनुभव

दीर्घ आजारपणानंतर आईचे वजन फार घटले, पायांवर सूज आली आणि सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, तेव्हा हे प्रथिनांच्या कमतरतेमुळे झाले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. पुरेशी प्रथिने मिळाली नाहीत की यकृतातील चरबी रक्तात वाहून नेणारे घटक नीट तयार होत नाहीत आणि ती चरबी तिथेच साचत जाते. क्वाशिऑर्कर हा प्रथिनांच्या तीव्र कमतरतेशी जोडला जाणारा आजार झालेल्या कुपोषित मुलांचे यकृत वाढते, त्यामागेही हे एक कारण मानले जाते. त्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका महिला बचत गटाकडून आम्ही धिंगरी अळंबीची (ऑयस्टर मशरूमची) पूड आणि ताजी धिंगरी घेऊ लागलो.

पूड बारीक, फिकट खाकी रंगाची असून पाकीट उघडताच पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. उकड्या तांदळाच्या पेजेत ती शेवटी घालून पाच मिनिटे उकळली की छान मिसळते, आणि ज्या आईला मासळीचा वासही नकोसा झाला होता, तिने ती पेज वाटी पुसून खाल्ली. पाकीट मात्र साध्या प्लॅस्टिकचे आहे. जुलैच्या दमट हवेत तिसऱ्या आठवड्यातच पुडीच्या गुठळ्या झाल्या, त्यामुळे ती आणल्याबरोबर कोरड्या काचेच्या बरणीत भरावी.

पाकिटावरील ‘यकृत शुद्ध करते’ हा दावा मात्र मला अजिबात पटलेला नाही. वाळलेल्या धिंगरीत साधारण पाव भाग प्रथिने असतात, म्हणजे आठ ग्रॅमच्या मोठ्या चमचाभर पुडीतून जेमतेम २ ग्रॅम मिळतात. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. धिंगरीत बीटा-ग्लुकन हे तंतुमय द्रव्य, अर्गोथायोनिन हे अँटिऑक्सिडंट आणि थोडे कोलीन हे पोषकद्रव्य असते, आणि यकृतातील चरबी बाहेर पडण्यासाठी कोलीनची गरज असते हे खरे. पण यकृतावरील अळंबीच्या परिणामांचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत, त्यांच्या आधारे आजारी माणसाला असे आश्वासन देऊ नये. आईचे वजन दोन महिन्यांत तीन किलोंनी वाढले, पण त्या काळात अंडी, मुगाचे कढण आणि पुढे मासळीही सुरू होती, म्हणून ते श्रेय मी एकट्या पुडीला देणार नाही. बचत गटातील ताईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, याचे मला समाधान वाटले.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानातली अळमी गोमंतकीयांच्या जिव्हाळ्याची असली, तरी यकृत दुबळे असलेल्या माणसासाठी अनोळखी रानटी अळंबी कधीही आणू नयेत. काही विषारी जातींचे विष थेट यकृतावर घाला घालते, शिजवूनही ते नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायलाच कित्येक तास लागतात. लागवड केलेल्या धिंगरीत हा धोका नाही.

ताजी धिंगरी मला पुडीपेक्षा अधिक आवडली: कडा न पिवळलेल्या, हाताला कोरड्या लागणाऱ्या. ओले खोबरे, हळद आणि थोडी मिरी घालून केलेली तिची भाजी आई आता स्वतःहून मागते. पुढच्या शुक्रवारी पूड न घेता अर्धा किलो ताजीच आणणार आहे. सकाळी नऊच्या आत गेल्यास चांगली मिळते.