शोकेसमधली बॅग खरी, हातात दिलेली नकली: नाशिकमध्ये कॅमेरा बॅग घेताना सावध राहा

2027 चा सिंहस्थ आता तोंडावर आला आहे. रामकुंड, गोदाघाट, त्र्यंबक इथलं शूटिंग करायचं म्हणून कितीतरी नवी मुलं कॅमेरा घेताहेत. कॅमेऱ्यापाठोपाठ बॅग आलीच, आणि नेमकी तिथेच मला ज्या पद्धतीने फसवलं गेलं तसं आणखी कुणाला फसवलं जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बरंच जाणं होतं. लांबचे पक्षी टिपणारी 150-600 मिमीची झूम लेन्स एकटीच जवळपास दोन किलोची. त्यात कॅमेऱ्याची बॉडी, एक छोटी लेन्स, बॅटऱ्या, पाण्याची बाटली धरली की पाठीवर चार-पाच किलो सहज होतात. लेन्स बॉडीला लावलेली असतानाच आत बसेल अशी खोल बॅग मला हवी होती. अभयारण्यात चापडगावच्या बाजूला उघड्यावर लेन्स जोडत बसलं की सेन्सरवर धूळ जाते, आणि पक्षी तर तोवर थांबत नाहीच.

शहराच्या मध्यवर्ती भागातल्या एका जुन्या दुकानात मनासारखी बॅग मिळाली. नावाजलेल्या विदेशी कंपनीची. शोकेसमधला पीस काढून मी त्यात माझा सगळा सेट भरून पाहिला, पाठीवर घेऊन दुकानात फिरलो. सगळं पसंत पडलं. पैसे ठरल्यावर दुकानदार म्हणाला, "साहेब, हा डिस्प्लेचा पीस आहे, धूळ खाल्लेली. गोडाऊनमधून सीलपॅक मागवतो तुमच्यासाठी." पोऱ्या पंधरा-वीस मिनिटांत पिशवीत बांधलेली बॅग घेऊन आला. रंग तोच, लोगो तोच. बिलावर फक्त "कॅमेरा बॅग, 1 नग". मॉडेल लिहा म्हटल्यावर उत्तर आलं, "कॉम्प्युटर बंद आहे, उद्या पक्कं बिल घेऊन जा." तो उद्या काही उजाडला नाही.

पुढे नांदूरमधमेश्वरलाच, गाडीतून बॅग काढून खांद्याला लावताना डावा पट्टा वरच्या शिवणीतून सरळ निघून आला. बॅग खाली दगडावर आदळली. लेन्सची झूम रिंग अडकली ती अडकलीच. दुरुस्तीचा जो आकडा आला तो बॅगेच्या किमतीपेक्षा मोठा होता.

घरी येऊन अस्तर उसवलं तेव्हा खरा राग आला. चांगल्या बॅगेत पट्ट्याचं टोक चांगलं आतपर्यंत घेऊन त्यावर चौकट आणि फुली अशी दुहेरी-तिहेरी शिलाई मारलेली असते. इथे पट्टा जेमतेम बोटाच्या पेराएवढा आत होता आणि वरून एकच टीप. तळाशी घट्ट फोम असायला हवा, तिथे पुठ्ठा, त्यावर साधा स्पंज. अंगठ्याने दाबलं तर पलीकडचं बोट लागत होतं. असा स्पंज लेन्सला काय वाचवणार? रेनकव्हरच्या शिवणीवर आतून टेप नाही, म्हणजे आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पाणी आत जाणार आणि पुठ्ठा फुगणार. एका मित्राकडे त्याच मॉडेलची अस्सल बॅग आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या, तर बाहेरून फरक शोधावा लागतो, आतून मात्र लगेच कळतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: जो पीस तपासला तोच घ्या, डिस्प्लेचा असला तरी. दुकानदार दुसरा आणून देत असेल तर तोही पहिल्यापासून तपासा, आणि सामान भरून पट्ट्याला धरून उचला. तळ अंगठ्याने दाबा. टॅग नीट वाचा. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, मूळ देश, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असावा लागतो. माझ्या बॅगेवर नुसता किमतीचा स्टिकर होता. आणि एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, तेव्हा "पक्कं बिल हवं तर एमआरपीवर जीएसटी लागेल" असं कुणी म्हणालं तर ते मुळीच ऐकू नका. बिलावर कंपनी, मॉडेल आणि जीएसटी नंबर हवाच. महाराष्ट्रातल्या दुकानाचा नंबर 27 ने सुरू होतो आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो.

दुकानदाराने मला बिलाखालची "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ दाखवली. या ओळीला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथा धरल्या आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले जातात. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाने बॅगेचे पैसे दिले, पण लेन्सच्या नुकसानीबद्दल हात वर केले. आता त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतो आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही.

असं कुणाच्या बाबतीत घडलं असेल तर फाटलेली बॅग चांभाराकडून शिवून घेऊ नका, टाकूनही देऊ नका. पट्ट्याचे, शिवणीचे, टॅगचे जवळून फोटो काढा, कच्ची चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद जपून ठेवा. आयोगासमोर हाच तुमचा पुरावा असतो.