हॅलिफॅक्सची फेरी: बसच्या तिकिटात बंदर

कॅनडातल्या हॅलिफॅक्सचं बंदर पाण्यावरून बघायला सहलीच्या बोटीचं महागडं तिकीट काढलंच पाहिजे असं नाही. शहराच्या बससेवेचीच फेरीबोट समोरच्या डार्टमाउथला, आल्डर्नी धक्क्यावर जाते. तिकीट बसइतकंच, प्रवास सुमारे १२ मिनिटांचा. शहर वसलं १७४९ साली आणि ही सेवा १७५२ पासूनची. रोज कामाला जाणाऱ्यांची बोट आहे, माहिती सांगणारं कुणी नसतं; काय बघायचं ते ठाऊक असलं तरच पैसे वसूल होतात.

पहिला घोळ होतो तो बोट धरताना. एकाच टर्मिनलवरून आल्डर्नी आणि वुडसाइड असे दोन मार्ग सुटतात. वुडसाइड बरंच दक्षिणेला आहे, तिथे चुकून उतरलात तर डार्टमाउथची जुनी वस्ती लांब पडते. गेटवरची पाटी वाचूनच आत शिरा. सुटे पैसे मोजून ठेवा आणि ट्रान्सफर (त्याच तिकिटावर पुढचा प्रवास करू देणारा पास) आठवणीने घ्या. तो ठरावीक वेळ चालतो, म्हणजे पलीकडे पाय मोकळे करून त्याच तिकिटावर परत येता येतं.

चढल्यावर खाली न बसता थेट वरच्या उघड्या डेकवर जा. जाताना डावा कठडा धरा: नौदलाची गोदी आणि पुढे १९५५ चा मॅकडोनल्ड पूल. पुलाच्या मागे पाणी आवळत जातं, तो नॅरोज. बंदराची सगळी गोम या गळ्यात आहे. गळ्याच्या आत बेडफर्ड बेसिन, खोल आणि चहूबाजूंनी बंदिस्त. महायुद्धांत अटलांटिक ओलांडणारे जहाजांचे काफिले तिथे जमत.

६ डिसेंबर १९१७ ला सकाळी याच गळ्यात दारूगोळा घेऊन आत येणारं 'माँ-ब्लाँ' आणि बाहेर पडणारं 'इमो' ही जहाजं एकमेकांवर आपटली. टक्कर हळूच झाली होती. पण 'माँ-ब्लाँ'च्या डेकवरची बेंझॉल या ज्वालाग्राही इंधनाची पिंपं फुटली, जहाजं सुटी होताना ठिणग्या उडाल्या आणि आग लागली. सुमारे २० मिनिटांनी, ९ वाजून ४ मिनिटांनी, पिक्रिक ॲसिड आणि टीएनटी या स्फोटकांचा साठा उडाला. सुमारे २,००० माणसं गेली. आग बघायला लोक खिडक्यांशी उभे होते, म्हणून काचांनी कित्येकांचे डोळे गेले. रेल्वेचा डिस्पॅचर (गाड्यांची ये-जा सांभाळणारा) व्हिन्सेंट कोलमन पळाला नाही. येणाऱ्या गाड्या थांबवण्यासाठी तार पाठवत राहिला आणि त्यातच गेला. आज एका फेरीबोटीला त्याचं नाव आहे. (मुंबईच्या गोदीत १९४४ साली उडालेलं 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज कॅनडाच्याच प्रिन्स रूपर्ट बंदरात बांधलेलं होतं.)

फेरीची उणीव इथेच आहे: ती पुलाच्या अलीकडेच थांबते, नॅरोज लांबूनच दिसतो. स्फोटाची जागा नीट बघायची तर बसने उत्तर भागात फोर्ट नीडमला जा. तिथला स्मारकाचा घंटा-मनोरा त्याच दिशेला तोंड करून उभा आहे.

परतताना समोर, किंचित डावीकडे जॉर्जेस बेट दिसतं. हिमनदीने रचलेल्या मातीची ही टेकडी. १७५५ च्या हद्दपारीत ब्रिटिशांनी फ्रेंच वंशाच्या अकेडियन लोकांना इथे डांबलं होतं. बेट जवळून हवं असेल तर मात्र वुडसाइडचीच बोट घ्या आणि जाताना उजवीकडे उभे राहा.

सुरुवातीच्या उन्हाळ्यात धुक्याचा भरवसा नाही; उबदार हवा गार समुद्रावर आली की बेट गडप होतं, मग दुपारची बोट धरलेली बरी. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठते, पण हे खारं, खोल पाणी मोकळं राहतं. हॅलिफॅक्स कॅनडाचं हिवाळी बंदर झालं ते त्यामुळेच. तेव्हा डेकवरचा वारा बोचरा असतो, कानटोपी आणि हातमोजे न्या.