थर्मामीटर चांगलाय, पण आल्या आल्या सी चं एफ करून घ्या

जुना पाऱ्याचा फुटला म्हणून दोनेक महिन्यांपूर्वी हा डिजिटल मागवला आणि तसाच ड्रॉवरमध्ये टाकला. खरा वापर झाला तो रात्री अडीचला, पोराचं अंग नुसतं भाजत होतं, काखेत लावला, बीप झाला, बघते तर ३८.९. सासूबाई म्हणाल्या, अडतीस? एवढं तर पुण्यात एप्रिलमध्ये असतंच की! आता आपल्याकडे ऊन मोजायचं सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये, डॉक्टरांनी पण "१०० च्या वर गेला तर डोस द्या" एवढंच सांगितलेलं, मग हे ३८.९ शंभरच्या वर का खाली ते अर्धवट झोपेत कळणार कसं.

१.८ ने गुणायचं आणि मग ३२ मिळवायचे एवढं शाळेतलं आठवलं, आले १०२. नवऱ्याने घाईत आधी ३२ मिळवले आणि मग गुणलं, त्याचे आले १२७!! असो, औषध दिलं.

दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं, ३७ म्हणजे ९८.६, पुढे दर डिग्रीला १.८ वाढवत जायचं, म्हणजे ३८ ला १००.४, ३९ ला १०२.२, ४० ला १०४. आणि ते ९८.६ वाचून वाटतं किती बारीक मोजलंय, पण वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये ३७ सांगितलं होतं, त्याचंच हे रूपांतर, पॉइंट सहा नुसत्या गुणाकारातून आलाय. त्यामुळे ९८.९ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका.

नंतर कळलं की मशीन बंद असताना बटण दाबून धरलं की सी जाऊन एफ येतं. बॉक्सवर याचा पत्ताच नाही, आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात शेवटी लिहिलंय. अहो इथे विकताय तर एफ वर सेट करूनच पाठवा ना.

बाकी वस्तू चांगली आहे. टोक मऊ आहे, वाकतं, पोरगं रडत नाही. १० सेकंद लिहिलंय पण काखेत मिनिटभर तरी धरावा लागतो, आणि काखेतलं तोंडापेक्षा थोडं कमीच येतं हे धरून चाला. चार स्टार देते. पाचवा कापला कारण स्क्रीनला लाइट नाही, मोबाईलचा टॉर्च मारून बघावं लागतं आणि नुकतंच झोपलेलं पोर परत उठतं.