बीपीचे यंत्र आठ महिने वापरल्यावर: दंडघेर मोजल्याशिवाय घेऊ नका

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणारे यंत्र आमच्या घरी येऊन आठ महिने झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे. पण सासू-सासरे दोघेही साठीपुढचे, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नुसता आकडा पाहण्यासाठी कोणाची तरी मजुरी बुडवणे परवडत नाही, म्हणून शिलाईच्या पैशांतून मी ते घेतले.

पहिल्याच आठवड्यात सासूबाईंचे बीपी १६८/९६ आले आणि घरात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. उपकेंद्रातील सिस्टरांनी मोजले, तर १४२/८६ भरले. मी यंत्र घेऊन तालुक्याला गेले. दुकानदाराने ते स्वतःच्या दंडाला लावून दाखवले, यंत्र ठीक असल्याचे सांगितले आणि बदलून द्यायला साफ नकार दिला. तीन चकरांचे बसभाडे गेले, तेव्हा हे यंत्र कोणी घेऊच नये, असे माझे ठाम मत झाले होते.

ते मत मी बदलले आहे, कारण दोष पट्ट्यात होता. हवा भरताना सासूबाईंच्या दंडावर पट्ट्याची चिकटपट्टी चर्र आवाज करीत उकलू पाहत असे, याकडे सिस्टरांनी माझे लक्ष वेधले. पट्ट्यावर बारीक अक्षरांत २२ ते ३२ सेंटीमीटर असे छापलेले होते, आणि सासूबाईंचा दंडघेर १४ इंच, म्हणजे साडेपस्तीस सेंटीमीटर. त्यांचे ब्लाउज मीच शिवते, त्यामुळे ते माप मला तोंडपाठ होते. पट्टा अपुरा पडला की दंडातील रक्तवाहिनीवर दाब नीट पोहोचत नाही, यंत्राला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. मोठा पट्टा वेगळे पैसे मोजून मागवला, तेव्हापासून त्यांचे आकडे सिस्टरांच्या आकड्यांशी जुळतात. विकताना दुकानदाराने दंडाचे माप विचारले असते, तर हे सारे टळले असते, आणि तो राग अजून गेलेला नाही.

पण या गोंधळात खरे नुकसान सासऱ्यांचे होत होते. त्यांचा दंड सडपातळ, त्यांना जुना पट्टा बरोबर बसत होता; तरी त्यांचे १५६/९४ आम्ही यंत्राची चूक म्हणून दीड महिना सोडून दिले. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कसले, असे तेही म्हणत. बीपी बहुधा काही जाणवू देत नाही. वाढलेला दाब मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आतून खराब करीत राहतो, आणि कित्येक घरांत ते कळते तेव्हा माणसाला लकवा मारलेला असतो.

मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ नीट मोजले: अर्धा तास आधी चहा नाही, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) नाही, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसणे, दंड छातीच्या पातळीवर, मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा. पहिला दिवस वगळून सरासरी १५२/९२ आली. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर ते वाढलेले बीपी धरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी वही पाहून, पुन्हा मोजून गोळी सुरू केली. लोणचे, पापड कमी करायला सांगितले. आता वरचा आकडा १३० च्या आत असतो. खर्रा मात्र अजून सुटलेला नाही.

शेजारच्या काकूही आता मोजायला येतात. माझी जुनी टेप मी यंत्राच्या डब्यातच ठेवली आहे. आधी दंड मोजते, मग पट्टा निवडते.