पुरात बुडालेली गाडी आणि दुसऱ्याच गाडीचा पिस्टन

ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा आम्ही समा भागात राहणाऱ्यांनी घरात पाणी पाहिलं. नदीची धोक्याची पातळी 25 फूट, आणि पाणी 35 फुटांच्या वर गेलं होतं. माझी 2016 ची स्प्लेंडर खाली पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडालेली होती. पाणी ओसरल्यावर ती ओढत बाहेर काढली, तर सायलेन्सरमधून गढूळ पाणी गळत होतं. किक मारून बघावी असं फार वाटलं, पण मारली नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

माझ्या नेहमीच्या मेकॅनिकचं दुकानच पाण्याखाली गेलं होतं. त्यामुळे अनोळखी गॅरेजमध्ये गाडी दिली. तिथे पन्नासेक गाड्या रांगेत, सगळ्यांवर एकाच रंगाचा गाळ. गणपती आठवड्यावर आलेले, कामावर जायला गाडी हवी, त्यामुळे कोणी घासाघीस करत नव्हतं. मीही नाही केली.

दोन दिवसांनी फोन आला, "साहेब, अंदर पाणी गयुं छे. ब्लॉक-पिस्टन नवां नाखवां पडशे." म्हणजे इंजिनाचा सिलिंडर (ब्लॉक) आणि त्यात वरखाली सरकणारा पिस्टन, दोन्ही नवे घालायचे. मी म्हटलं, काढलेला पिस्टन दाखव. संध्याकाळी गेलो तर त्याने वर्तमानपत्रावर पिस्टन ठेवला. काळा पडलेला, उभे ओरखडे, एक रिंग गंजून खाचेत चिकटलेली. नखाने हलवून पाहिली, हलेना. डोळ्यांनी पाहिल्यावर शंका कशाची घेणार? हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली आणि 6,400 रुपयांची कच्ची चिठ्ठी: ब्लॉक-पिस्टन किट, गास्केट, ऑइल, प्लग, मजुरी. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर.

जुना पिस्टन मी मागून घेतला. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो, काढलेला भाग मशीनमालकाच्या हातात द्यायचा ही आमच्याकडची पद्धत. "भंगार छे, शुं करशो?" असं तो दोनदा म्हणाला. मागे गिऱ्हाइकं उभी होती म्हणून दिला असावा.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी गाडी धुवायला घेतली. ब्लॉकच्या फिन्समध्ये, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये, जुना टूथब्रश घातला आणि आतून राखाडी गाळाचे पापुद्रे निघायला लागले. पुराचाच गाळ, खोलवर वाळून बसलेला. नवा ब्लॉक पूर ओसरल्यानंतर बसवला असेल तर त्यात हा गाळ कुठून येईल? मग ब्लॉकवर झाकणासारख्या बसणाऱ्या हेडचे नट पाहिले. त्यांच्या कडांवरही तोच गाळ, पान्याचा एक चट्टा नाही. इंजिन उघडलंच नव्हतं.

पिस्टन डब्यात घालून कामावर नेला आणि बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला. 57 मिलिमीटरला जेमतेम कमी. स्प्लेंडरचा बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 50 मिलिमीटर! तो पिस्टन माझ्या इंजिनात कधी शिरूच शकत नव्हता; दीडशे सीसीच्या कुठल्यातरी गाडीचा होता. दोनदा मोजला, मग सुपरवायझरना मोजायला दिला. हात थरथरत होते, खोटं का सांगू.

खरं काम काय झालं होतं ते नंतर माझ्या जुन्या मेकॅनिकने सांगितलं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते दुधाळ चहासारखं दिसतं. ते काढायचं, प्लग काढून किक मारत सिलिंडरमधलं पाणी बाहेर फेकायचं, कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची, एअर फिल्टर बदलायचा, स्वस्त ऑइल घालून थोडा वेळ चालवायचं आणि तेही काढून टाकायचं. ऑइल पुन्हा दुधाळ आलं तर परत एकदा. किक न मारलेल्या माझ्या गाडीला एवढं पुरलं होतं.

संध्याकाळी त्या गॅरेजात गेलो. आधी म्हणाला, पोराच्या हातून पिस्टनची अदलाबदल झाली. मी म्हटलं, "भाई, आत्ता ब्लॉक उतरव. नवा निघाला तर मजुरी मी देतो आणि सगळ्यांसमोर माफी मागतो. नाही निघाला तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करतो." तो ब्लॉकला हात लावायला तयार होईना. शेवटी 4,000 रुपये परत दिले आणि पिस्टन परत मागितला. पैशांपेक्षा त्यासाठी जास्त वेळ हटून बसला. तेव्हा मला कळलं की तो पिस्टन किती जणांना दाखवून झाला असेल. मी दिला नाही.

ज्यांच्या गाद्या, फ्रीज, मुलांची पुस्तकं रस्त्यावर पडलेली होती, त्यांच्याकडून त्याने हे पैसे घेतले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच गॅरेजात स्कूटर दिली होती, इंजिनकामाचे पैसे भरले आणि काढलेला भाग पाहिलाही नाही. त्यांच्याकडे आता दाखवायला काहीच नाही.

गाडी बुडाली असेल तर पाणी कुठवर चढलं त्याचा फोटो काढा, ब्लॉक आणि हेडच्या नटांचाही जवळून काढा, आणि मगच गॅरेजात द्या. विमा फक्त थर्ड पार्टी नसेल, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही असेल, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एक नटही काढू देऊ नका. काढलेला भाग घरी आणा. बोर किती ते गाडीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, आणि व्हर्नियर कुठल्याही लेथवाल्याकडे मिळेल.