‘फॉर्म्युला स्टुडंट ॲप्रूव्हड’ सायलेन्सर विकत घेण्याआधी

फॉर्म्युला भारत या, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेसिंग गाड्यांच्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ प्रकारातल्या स्पर्धेसाठी ३७३ सीसीच्या सिंगल सिलिंडर इंजिनावर गाडी बांधताना आमच्या टीमची सायलेन्सरमध्ये फसवणूक झाली. तीच युक्ती दुसऱ्या कॉलेजांवरही चालेल, म्हणून ती कशी केली जाते ते तपशिलात लिहितो.

पहिली गोष्ट, ‘फॉर्म्युला स्टुडंट ॲप्रूव्हड’ असा सायलेन्सर अस्तित्वातच नाही. स्पर्धेत सुटा सायलेन्सर कोणी पास करत नाही, तपासली जाते ती पूर्ण गाडी. डब्यावर तसा शिक्का दिसला की तिथेच व्यवहार थांबवा.

विक्रेता फोनवरच्या ॲपमध्ये ९४ डेसिबल दाखवतो. आकडा खोटा नसेलही, पण तो आपल्या उपयोगाचा नाही. स्पर्धेत माइक एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीवर धरतात आणि मोजमाप ‘सी’ स्केलवर, म्हणजे खालचे सूरही जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या पद्धतीने होतं. मर्यादा आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) १०३ डेसिबल, वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) ११०. विक्रेत्याचा फोन मीटरभर लांब होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तेवढ्यानेच सुमारे ६ डेसिबल कमी दिसतात. शिवाय ॲप ‘ए’ स्केलवर होतं, आणि खरी मेख इथेच आहे.

चाचणीचा आरपीएम पिस्टनच्या सरासरी वेगावरून ठरतो, सेकंदाला १५.२५ मीटर. ६० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा एका दिशेचा प्रवास) धरला तर उत्तर येतं ७६२५, आणि जवळच्या पाचशेला धरून ७५००. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं, म्हणजे ७५०० ला सेकंदाला ६२.५ वेळा. या खालच्या सुरातून ‘ए’ स्केल सुमारे २६ डेसिबल वजा करतं, ‘सी’ जेमतेम १. त्यामुळे ज्या धडधडीवर गाडी नापास होते, ती ‘ए’ वर जवळजवळ दिसतच नाही. त्यात डेमो दिला जातो तीन-चार हजार आरपीएमला.

आता आत काय असतं ते. मागच्या झाकणाची रिबिटं ड्रिलने काढून डबा उघडला, तर जाळीच्या पाइपला जेमतेम अर्ध्या लांबीपर्यंत पिवळी ग्लास वूल गुंडाळून बारीक तारेने बांधलेली. छताच्या इन्सुलेशनला वापरतात तीच. तिच्यातला चिकट पदार्थ एक्झॉस्टच्या उष्णतेने जळतो, तंतू सुटे होतात आणि जाळीतून बाहेर फेकले जातात. म्हणून पहिल्या दिवशीचा आवाज चौथ्या दिवशी राहत नाही. सायलेन्सरसाठी लांब धाग्याची ई-ग्लास किंवा बेसाल्ट वूल लागते, मोकळ्या जागेच्या लिटरमागे साधारण १०० ते १५० ग्रॅम. वजन करूनच भरा.

चांगली वूल भरूनही छोटा डबा पुरणार नाही. वूल वरच्या पट्टीतला आवाज खाते, ६० हर्ट्झवर तिचा फारसा उपयोग नाही. तिथे आकारमान किंवा चेंबर लागतात. इंजिनाच्या दहापट आकारमान हा ढोबळ हिशोब धरला तर ३७३ सीसीला पावणेचार लिटर. बाजारातल्या ९० मिलिमीटर व्यासाच्या, २४० लांबीच्या दिखाऊ डब्यात दीड लिटर बसतं. मग विक्रेता ‘डीबी किलर’, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बसवायचा अरुंद नळीचा तुकडा, पुढे करतो. तो बहुधा एकाच स्क्रूवर धरलेला असतो, कंपनाने सुटतो, आणि तोंड आवळल्याने बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब) वाढतं. स्पर्धेच्या नियमाने हवा आत घेण्याच्या वाटेवर बसवलेल्या २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरने आधीच घुसमटलेल्या इंजिनावर हा आणखी अन्याय.

‘३०४ स्टील आहे, बघा, चुंबक चिकटत नाही’ हे ऐकून भुलू नका. स्वस्तातल्या २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, म्हणून मँगनीज ओळखणारं टेस्टिंग केमिकल किंवा भंगारवाल्यांकडचं एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं हातातलं यंत्र) हेच खरं सांगतं.

पैसे देण्याआधी जीएसटी बिलावर लिहून घ्या: ग्रेड, आतलं आकारमान, वूलचा प्रकार आणि वजन, आणि ‘सी स्केल, ०.५ मीटर, ७५०० आरपीएमला ११० च्या आत, नाहीतर परत’. नुसत्या चिठ्ठीवर ॲडव्हान्स देऊ नका. झाकण स्वतः उघडलं की ‘वॉरंटी गेली’ हे उत्तर ठरलेलं असतं, म्हणून डबा दुकानातच, व्हिडिओ चालू ठेवून उघडायला लावा. माल बिलाशी जुळला नाही आणि दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे घेऊन पेजच गायब झालं असेल तर एक तासही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.