नमुना काळा पडला, माल चकचकीतच राहिला

रत्नागिरीजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे. जुलै-ऑगस्टात हापूसची कोय कलमं बांधायला, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बसवायला, आठ माणसं शेडमध्ये बसतात. कामाला लागतो घडीचा चाकू. पेन्सिलीएवढी काडी एका ओढीत चार-पाच सेंटिमीटर तिरकी कापली गेली पाहिजे. पातं दुसऱ्यांदा फिरवावं लागलं की काप वाकडातिकडा होतो, काडीची पाचर खुंटात, म्हणजे खालच्या रोपात, घट्ट बसत नाही, सालीखालचा हिरवा थर एकमेकाला टेकत नाही आणि काडी वाळते.

जुने चाकू झिजून पार बारीक झाले होते. मे महिन्यात फोनवर एका विक्रेत्याची जाहिरात आली: कलमाचा चाकू, हाय कार्बन पोलाद, नग 340 रुपये, किमान एक डझन. मी अगदी शहाण्यासारखं आधी नमुन्याला एक मागवला.

नमुना उत्तम होता. आमचे आप्पा पंचवीस वर्षं कलमं बांधतात. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवली. घसरली नाही. "नख धरतोय, वहिनी. घ्या." दिवसभर त्यांनी त्याच चाकूने काड्या कापल्या आणि संध्याकाळपर्यंत पातं काळंनिळं झालं. कैरी चिरल्यावर घरातली लोखंडी विळी पडते ना, तसं. कार्बनच्या पोलादाचं ते लक्षणच आहे.

बारा नगांचे 4,080 रुपये आगाऊ पाठवले. बिल मालासोबत येणार होतं, ते आजतागायत आलेलं नाही. खोका आला तेव्हा मी नग मोजले, वरचा एक उघडून बघितला आणि खोका फळीवर ठेवून दिला. माझी चूक झाली ती इथे.

कलमं सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आप्पा नव्या चाकूकडे बघून म्हणाले, "ह्याचं पातं काळं पडत नाही हो." मी उलट खूश! म्हटलं, बरं झालं, गंजायचा नाही. पाणी नेमकं तिथेच मुरत होतं. सकाळी लावलेली धार शंभरेक काड्यांत उतरायची. मुलं दर तासाला उठून दगडावर चाकू घासायची, आणि मी म्हणायचे कामचुकारपणा चाललाय. मग एका मुलाच्या हातात चाकू आपोआप मिटला. बोटाला दोन टाके पडले.

त्या रात्री बाराही चाकू मी दिव्याखाली ओळीने मांडले. चार नगांत पाठीमागची स्प्रिंग इतकी ढिली, की पातं नुसत्या बोटाने मिटत होतं. तिघांचं पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे हलायचं, कारण रिव्हेट नीट ठोकलेलं नव्हतं. दोघांची धार मिटताना आतल्या पट्टीवर आपटायची, त्यामुळे दर वेळी एकाच जागी बोथट. एकाच्या टोकाला निळसर झाक होती: घासताना तापलं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. सकाळी सगळे घेऊन लोहाराकडे गेले. त्याने नमुन्याच्या पात्यावर कानस फिरवली, ती सरकली. मालातल्या पात्यांवर फिरवली, तर कीस पडला. "हे मऊ आहे, बाई. फळं कापा ह्याने."

विक्रेत्याला फोन केला. म्हणे, लोहचुंबक लावून बघा, चिकटतं ना? मग अस्सल पोलाद आहे. हे उत्तर ऐकून कोणी गप्प बसू नका. कमी कार्बनचं स्वस्त स्टेनलेसही, साधारण 420 नावाने येतं ते, लोहचुंबकाला चिकटतं. चुंबकाने कडकपणा कळत नाही, कानशीने कळतो. हे मी त्याला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा नंबर ब्लॉक.

तीन आठवड्यांनी हिशेब कळला. आप्पा आणि आणखी एकजण जुनेच चाकू वापरत होते, त्यांची शंभरातली ऐंशी कलमं जगली. नव्या चाकूंची जेमतेम पन्नास. शेड तीच, रोपं तीच, काड्याही एकाच झाडाच्या. माणसं वेगळी होती हे खरं, पण गेल्या वर्षी याच मुलांची कलमं आप्पांच्या बरोबरीने जगली होती.

1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही असं मला आधी कोणीतरी सांगितलं होतं, ते अर्धवट निघालं. 2019 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठीच घेतलेली वस्तू कायद्यात बसते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीला फीही नाही. पण तक्रार करायची कोणावर? खोक्यावर उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, माल कुठल्या देशातला तेही नाही. उत्पादकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक असतं, माल आयात केलेला असेल तर देशाचं नावही, आणि ते नसल्याचं मला पैसे देऊन झाल्यावर दिसलं. बिल नाही. हातात एक बंद फोन नंबर.

पुढचे चाकू मी बाजारातल्या दुकानातून घेतले. पिशवीत आंब्याच्या ओल्या काड्या आणि एक छोटी कानस नेली होती. दुकानदाराला विचारून प्रत्येक पात्याच्या मागच्या टोकाला, धार सोडून, कानस लावली. प्रत्येक चाकू दहादा उघडून मिटला, उजेडाकडे धरून पातं मधोमध बसतंय का बघितलं, मग काडी कापली. दहातले तीन परत सरकवले. दुकानदार वैतागून म्हणाला, "सोनं घेताय का ताई?" सात नगांचं पक्कं बिल त्याने दिलं, तेही मी मागितल्यावर.